सतरंजीवरच्या कुत्र्याला हात लावायचा नाही

"आमचा कुत्रा भारी प्रेमळ आहे. घरात कुणीही येऊ दे, आधी त्याच्या अंगावर झेप घेतो." थेरपीच्या कामासाठी, म्हणजे आपला कुत्रा घेऊन वृद्ध, रुग्ण किंवा मुलांकडे जाण्यासाठी, चौकशी करणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं, आणि नेमकी पहिली अडचणही तीच असते. ऐंशी पार केलेल्या आजींवर तीस किलोंचं प्रेम झेपावलं तर खुब्याचं हाड मोडू शकतं. या कामाला प्रेमळ कुत्रा हवा, पण त्याहून जास्त हवा तो स्वस्थ कुत्रा. अनोळखी माणसाकडे स्वतःहून जाऊन वास घेणारा, हात लावला की अंग सैल सोडणारा आणि नको झालं की गुरगुरण्याआधी मुकाट्याने बाजूला होणारा. यातलं तिसरं लक्षण लोकांना दोष वाटतं. आमच्या लेखी तो सगळ्यात मोठा गुण.

काम नेमकं कोणतं, ते आधी समजून घ्या. अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा त्या एकाच माणसाचा मदतनीस असतो, त्याचं शिक्षण वेगळं. इथे आपण आपला घरचा कुत्रा घेऊन दुसऱ्यांकडे जातो. त्यातही दोन प्रकार आहेत. वृद्धाश्रमात तासभर बसायचं, आजी-आजोबांनी कुरवाळायचं, जुन्या मोत्याच्या आठवणी निघायच्या, ही झाली भेट. थेरपी म्हणायची तर तिथे मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक हवा, त्याने त्या एका माणसापुरतं ठरवलेलं उद्दिष्ट हवं आणि दर वेळची नोंद हवी. माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावर काम करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ साली या व्याख्या लिहून काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. आपण स्वयंसेवक, थेरपिस्ट नव्हे. हे जितक्या लवकर पचनी पडेल तितकं बरं.

या उपचाराचा उगम सांगताना न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचं नाव घेतात. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असताना एक अबोल मुलगा त्याच्यापाशी मोकळा झाला, आणि १९६२ साली त्यांनी 'सहउपचारक कुत्रा' या कल्पनेवर निबंध लिहिला. सहकाऱ्यांनी तेव्हा थट्टाच केली. आमच्या कामापुरता यातला महत्त्वाचा भाग असा की कुत्रा मुलाकडे आपण होऊन गेला होता, कुणी त्याला दोरी ओढून नेलं नव्हतं.

मुंबईत ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हे काम करतात. २०२३ पासून विमानतळाच्या टर्मिनल २ वरही प्रवाशांसाठी असे कुत्रे दिसू लागले. सुरुवात एखाद्या संस्थेमार्फतच करा. कुत्र्याला न पाहता, ऑनलाइन पैसे भरून मिळणारं प्रमाणपत्र भिंतीवर टांगायला बरं, पण वॉर्डात त्याचा काही उपयोग नाही.

कुत्रा किमान एक वर्षाचा हवा, दोन वर्षांचा असला तर उत्तम, आणि तुमच्या घरी येऊन निदान सहा महिने झालेले हवेत. पिल्लू गोड दिसतं, पण त्याची लसही पूर्ण झालेली नसते आणि स्वभावही. जातीचा आग्रह नको. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर पुष्कळ दिसतात, पण मुंबईच्या दमट हवेत लांब केसांचा कुत्रा वीस मिनिटांत धापा टाकू लागतो. तो दमलाय की गांगरलाय हे मग ओळखू येत नाही. आपला गावठी कुत्रा या हवेला सरावलेला असतो, केस कमी गळतात आणि पंधरा-अठरा किलोंचा तो देह खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला बरोबर पोचतो. एकच अडचण: रस्त्यावरून आणलेला कुत्रा काठी बघून अंग चोरतो, आणि वृद्धाश्रमात प्रत्येक खुर्चीला काठी टेकवलेली असते. त्यावर उपाय आहे, पुढे येतो.

मांजरही चालतं. पट्टा आणि हार्नेस घालून, पिंजऱ्यातून नेलेलं, मांडीवर टॉवेलवर बसणारं मांजर अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी कुत्र्यापेक्षा सोयीचं. ससा आणि गिनीपिगही टोपलीत बसवून नेतात. पोपट मात्र नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट घरात पाळणं हाच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि स्टार कासवाचंही तेच. दर काही महिन्यांनी कुणीतरी "आमचा मिठू छान बोलतो" म्हणून विचारतंच.

आता कागद. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखला हे दोन कागद पाहिल्याशिवाय कुठलीही नीट चालणारी संस्था दारातून आत घेत नाही. बाकी डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस, लेप्टोची लस आणि केनेल कफची लस. लेप्टोची दर वर्षी, आणि ती पावसाळ्याच्या आधी. मुंबईत जुलैत तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेला कुत्रा लेप्टोचे जंतू घेऊन येऊ शकतो आणि लघवीवाटे ते पसरवतो. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, वर्षातून एकदा शीची तपासणी. कातडीवर गोल, केस गेलेला चट्टा दिसला तर गजकर्ण नाही याची खात्री होईपर्यंत भेट बंद. माणसांना ते लगेच लागतं.

कच्चं मांस खाणारा कुत्रा या कामाला चालत नाही. त्याला काही झालेलं नसलं तरी त्याच्या लाळेतून आणि शीतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू बाहेर पडत असू शकतो, आणि समोर केमोथेरपी घेणारं मूल असेल तर तेवढं पुरे होतं. अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मागच्या ९० दिवसांत कच्चं मांस खाल्लेल्या कुत्र्याला वगळायला सांगितलं आहे. घरी चिकन देत असाल तर शिजवून द्या, आणि कच्चे पाय किंवा सुकवलेले कान चघळायला देऊ नका. बाजारातल्या चघळायच्या वस्तूंमध्ये कच्चं काय आणि भाजलेलं काय, हे पुष्कळदा पाकिटावरूनही कळत नाही.

गोचिडीच्या औषधाचं वेळापत्रक सगळ्यांचं चुकतं. मानेवर टाकायचं औषध टाकलं की दोन दिवस तिथे हात लावायचा नसतो, आणि टाकण्याच्या आधी-नंतर दोन दिवस शाम्पू करायचा नसतो. भेटीच्या आदल्या दिवशी तर आंघोळ हवीच. म्हणजे शनिवारी भेट असेल तर थेंब सोमवारी, आंघोळ शुक्रवारी. हे गणित नको असेल तर व्हेटला विचारून तोंडावाटे द्यायची गोळी सुरू करा. आंघोळीनंतर अंग पूर्ण सुकवा. वरवर कोरडा वाटलेला कुत्रा आतल्या केसांत ओला राहतो, दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि कातडी लाल होते. पावडर, अत्तर, सुगंधी स्प्रे काही नको. दम्याच्या माणसाला त्रास होतो, आणि स्वमग्न मुलांपैकी काहींना त्या वासानेच खोली सोडावीशी वाटते. नखं आदल्या दिवशी कापू नका, दोन-तीन दिवस आधी कापा आणि कानशीने कडा घासा. ताज्या कापलेल्या नखाची धार वाईट असते. म्हाताऱ्या माणसाची, त्यातही रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याची कातडी कागदासारखी झालेली असते. नुसता पंजा ठेवला तरी ओरखडा उठतो आणि रक्त लवकर थांबत नाही. 'शेक हँड' शिकवलेल्या कुत्र्यांचा हा मोठाच प्रश्न आहे. ते खाऊ दिसला की पंजा मारतात. ही सवय तोडायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून आधीच लागा.

घरची तयारी तीन-चार महिन्यांची. बहुतेक मराठी घरांत कुत्र्याला इंग्रजीत शिकवलेलं असतं: सिट, स्टे, कम. आपण एरवी त्याच्याशी मराठीत बोलतो, हुकूम मात्र इंग्रजीत. मग वृद्धाश्रमातल्या आजी "बस रे बाळा" म्हणतात आणि कुत्रा ढिम्म उभा. आजींना वाटतं, हा आपलं ऐकत नाही, आणि त्या हात मागे घेतात. म्हणून प्रत्येक हुकूम तीन प्रकारे शिकवा: इंग्रजी, मराठी आणि हाताची खूण. शिकवताना नवा शब्द आधी, जुना लगेच मागून: "बस… सिट", आणि बसला की खाऊ. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. आठ-दहा दिवसांत तो जुन्या शब्दाची वाट न बघता बसू लागतो. बस, थांब, ये, सोड, खाली. खूण कर्णबधिर मुलांच्या शाळेत लागतेच, शिवाय पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं अडखळतं त्यांनाही उपयोगी पडते.

'सोड' हा शब्द सगळ्यांत पक्का हवा. वृद्धाश्रमाच्या लादीवर काय काय पडलेलं असतं: बीपीची गोळी, वेदनाशामक गोळी, श्रवणयंत्राचं बटनाएवढं सेल. एक साधी पेनकिलरही कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात उत्पात घडवते, आणि मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी जीवघेणी ठरते. सराव असा: मुठीत खाऊ धरा, कुत्रा नाक खुपसेल, चाटेल, पंजा मारेल. गप्प बसा. त्याने तोंड मागे घेतलं की त्याच क्षणी दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मग उघड्या तळहातावर, मग लादीवर पायाने झाकून, मग उघडा, मग चालता चालता. जमिनीवरचा खाऊ कधीच द्यायचा नाही, बक्षीस नेहमी हातातून. नाहीतर 'सोड' म्हणजे 'थोडं थांबून खा' असा अर्थ तो लावतो.

काठीचा इलाज. पहिले तीन-चार दिवस काठी लादीवर आडवी ठेवून तिच्या आसपास खाऊ टाका, बाकी काही करू नका. तो काठी ओलांडून खायला लागला की ती भिंतीला टेकवून उभी करा. मग तुम्ही खुर्चीत बसून हातात धरा, मग टेकत दोन पावलं चाला, मग घरातल्या दुसऱ्या कुणाला चालायला सांगा. कोणत्याही टप्प्यावर त्याने खाऊ घ्यायचं थांबवलं तर एक पायरी मागे. चाकाची खुर्ची आणि वॉकर यांचंही असंच, फक्त चाकाच्या बाजूला वळताना शेपटी कुठे आहे ते बघायला शिका. कुत्र्याची शेपटी आणि पंजे हँडलरच्या, म्हणजे दोरी धरणाऱ्या तुमच्या, बाजूला राहावेत, चाकाच्या नाही.

आवाजाचा सराव स्वयंपाकघरातच होतो. स्टीलचं ताट दुसऱ्या खोलीत पाडा, मग दारात, मग चार फुटांवर. दचकायला हरकत नाही, सगळेच दचकतात. पाहायचं ते हे की दचकल्यावर पाच-सात सेकंदांत तो परत येतो का. परत न येणारा, थरथरत राहणारा कुत्रा या कामात सुखी होणार नाही, मग तो घरी कितीही गुणी असो. आणि वेड्यावाकड्या कुरवाळण्याचाही सराव करा: कानाला धरणं, केस मुठीत पकडणं, मागून मिठी, चार हात एकाच वेळी. प्रत्येक स्पर्शापाठोपाठ खाऊ. मुलांच्या हाताला जोर किती आणि पकड कशी हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं.

आता सतरंजी. साधारण तीन फूट बाय दोन फूट, जाड विणीची, धुवायला सोपी. घरात रोज तिच्यावर त्याला खाऊ द्या, चघळायला द्या, आणि तो तिच्यावर असताना घरातल्या कुणीही, अगदी कुणीही, त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. महिन्याभरात कुत्र्याला कळतं की इथे आलो की सुटका. मग ती सतरंजी जिथे जाल तिथे न्या. सत्रात खोलीच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ न होईल अशी अंथरा. आपल्याला नको झालंय हे सांगायला कुत्र्याजवळ दात आणि गुरगुर याखेरीज काही तरी साधन हवं, आणि ते त्याच्या हाती आपणच द्यायचं असतं.

एवढी तयारी झाली की कामाला घेण्याआधीची चाचणी. ती साधारण पाऊण तासाची. अमेरिकन केनेल क्लबची १९८९ पासून चालत आलेली दहा भागांची 'कॅनाइन गुड सिटिझन' चाचणी बऱ्याच ठिकाणी पाया म्हणून धरतात: अनोळखी माणसाला सामोरं जाणं, कुरवाळू देणं, सैल दोरीवर चालणं, गर्दीतून जाणं, दुसऱ्या कुत्र्याजवळून जाणं, मालक तीन मिनिटं नजरेआड झाला तरी शांत राहणं वगैरे. त्यावर थेरपीचे खास भाग येतात: लंगडत ओरडत येणारा माणूस, मागून धक्का, वॉकर, एकाच वेळी तीन जणांनी कुरवाळणं. परीक्षा तुमची आणि कुत्र्याची, जोडीची असते, आणि निम्मा वेळ परीक्षक तुमच्याकडेच बघत असतो. दोरी ताणलेली आहे का. कुत्रा तोंड फिरवत असताना तुम्ही "काही नाही करत तो, लावा हात" म्हणालात का. हे एक वाक्य म्हणालात की तिथेच संपलं. दोरी चार ते सहा फुटांची साधी हवी. बटण दाबून लांबणारी नको: ती सुटली की खुर्चीच्या पायांत गुंतते आणि बोटं कापते. काट्यांचा किंवा फासाचा पट्टाही नको.

जिथे भेट द्यायची त्या वृद्धाश्रमात किंवा शाळेत पहिल्यांदा जाल ते कुत्र्याला न घेता. मुंबईतल्या इमारती बघून ठेवाव्या लागतात. जुन्या इमारतीत जाळीच्या सरकत्या दाराची लिफ्ट असते. तिच्यात शेपटी आणि दोरी अडकण्याची भीती खरी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत जिनाच बरा, किंवा दोघांनी जावं: एकाने दार धरायचं, एकाने कुत्रा भिंतीकडच्या कोपऱ्यात उभा करायचा. गेटपाशी राहणारे रस्त्यावरचे कुत्रे किती, त्यांना खायला कोण घालतं आणि कधी, हे वॉचमनला विचारा. आपला कुत्रा त्यांच्या हद्दीत उतरला की भुंकाभुंक, मग तो वर पोचेपर्यंत त्याचं डोकं जागेवर नसतं. टॅक्सी आवाराच्या आत नेऊन थांबवायची परवानगी आधी मिळवा.

आणि लादी. पाहुणे येणार म्हणून मावशी सकाळी सगळीकडे फिनाईल ओतून पुसून काढतात. भावना चांगली, पण फिनाईल पंजांना लागतं, मग ते चाटलं जातं, आणि मांजरांना तर ते फारच घातक. त्या खोलीपुरतं नुसत्या पाण्याने पुसायला सांगा, आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करा, आणि हे व्यवस्थापकांना सांगून भागत नाही, प्रत्यक्ष मावशींना सांगावं लागतं. गुळगुळीत टाइल्स असतील तर पंजांमधले केस कापून न्या. घसरणारा कुत्रा अंग आखडून चालतो आणि लोकांना वाटतं, तो घाबरलाय.

त्याच भेटीत यादी तयार होते: कुणाला कुत्र्याची भीती आहे, कुणाला ॲलर्जी, कुणाला उघडी जखम किंवा नळी आहे, कुणाला लहानपणी कुत्रा चावलाय. विलगीकरणातल्या रुग्णाकडे जायचंच नाही. हातावरचं सॅनिटायझर सगळं मारतं असा समज आहे, पण सी. डिफिसाइल या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं. रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाबाबत होकार त्याच्या डॉक्टरांचा हवा, नातेवाइकांचा पुरत नाही. धर्माचं, सोवळ्याचंही विचारून ठेवा. नमाजाच्या आधी लाळ लागलेली कुणाला चालत नाही, कुणी पूजा आटोपेपर्यंत कुत्र्याला शिवत नाही. दोघांनाही वेळ बदलून दिली की ते आनंदाने येतात. लहान मुलांच्या पालकांची किंवा संस्थेची लेखी संमती लागते, आणि बालगृहातल्या मुलांचे फोटो काढायचेच नाहीत. त्यांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार बंदी आहे. कुत्र्याचा एकट्याचा फोटो काढा हवा तर.

सत्राचा दिवस. जेवण अडीच-तीन तास आधी, नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण खाऊही त्याच हिशोबात धरायचा असतो. दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर खाऊ जाऊ देऊ नका. मटाराएवढे तुकडे करून चाळीसेक तुकडे पुरतात. पिशवीत सतरंजी, घरचं पाणी आणि भांडं, सॅनिटायझर, बिनवासाचे वाइप्स, शीच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, कोरडा टॉवेल, जादा दोरी, ब्रश, तीन-चार धुतलेल्या चादरी आणि लशीच्या पुस्तकाची झेरॉक्स. आत जाण्याआधी दहा मिनिटं खाली फिरवून शी-शू. मे महिन्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टिकत नसेल तर कुत्र्याचे पंजेही टिकणार नाहीत, तेव्हा उचलून न्या किंवा सावलीतून.

वेळ सकाळी दहा ते अकरा किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. दुपारच्या जेवणानंतर आजी-आजोबा पेंगतात आणि कुत्राही. एका दिवशी एकच सत्र, प्रत्यक्ष काम पाऊण तास, आणि त्यातही मध्ये पाच-सात मिनिटं सतरंजी. घड्याळ लावून ठेवा. छान चाललेलं असतं तेव्हाच लोक वेळ वाढवतात.

प्रत्येक माणसाने कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर सॅनिटायझर. पलंगाजवळ न्यायचं तर पलंगावर आपली धुतलेली चादर, पुढच्या पलंगाला दुसरी. कुत्र्याला बाजूने न्या, समोरून चेहऱ्यावर नाही. "हात पुढे धरा, तो येईल" असं सांगा, "हा घ्या" म्हणून ढकलू नका. तो आला तर हनुवटीखाली, छातीवर, खांद्यावर कुरवाळायला सांगा. डोक्यावर थापटणं बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही, ते फक्त सहन करतात. हँडलर कुत्र्याच्या डोक्याजवळ बसतो, माणसाच्या पाठीशी नाही, म्हणजे त्याला कुत्र्याचे डोळे दिसत राहतात.

थेरपीच्या सत्रात उद्दिष्ट तज्ज्ञाचं असतं आणि आपलं काम त्यात कुत्रा बसवण्याचं. पक्षाघाताने अधू झालेल्या हाताने ब्रश वीस वेळा फिरवायचा, तर कुत्रा त्या हाताच्या बाजूला आणि कोपर वर उचलावं लागेल इतक्या उंचीवर हवा. बोटांची ताकद वाढवायची तर पट्ट्याचं बक्कल उघड-बंद करायचं, त्यासाठी मोठ्या बकलाचा वेगळा पट्टा न्यायचा. तोल सुधारायचा असेल तर रुग्णाच्या हातात दुसरी, लांब, सैल दोरी द्यायची, मुख्य दोरी आपल्याच हातात. मूल एक-दोन शब्दच बोलत असेल तर 'ये' आणि 'बस' हे शब्द निवडायचे, कारण ते म्हटलं की समोर काहीतरी घडतं. काही शाळांत अडखळत वाचणारी मुलं कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवतात. १९९९ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत या पद्धतीचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाला. बालभारतीच्या धड्यालाही ती तितकीच चालते. तिथे कुत्र्याने काहीही करायचं नसतं, नुसतं आडवं पडून राहायचं. ज्या कुत्र्यांना ते जमतं त्यांना ते फारच जमतं.

या सगळ्यात हँडलरची नजर कुत्र्यावरून हलू नये, आणि हेच सगळ्यात अवघड आहे, कारण समोर हसणारे आजोबा असतात. झोप आलेली नसताना जांभई, खाऊ नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, एक पंजा हवेत धरणं, कान मागे जाणं, पाण्यातून आल्यासारखं अंग झाडणं. एखादं लक्षण एकदा दिसलं तर लक्षात ठेवा, दोन मिनिटांत तीन दिसली तर सतरंजी. अचानक केस गळायला लागले, कोंडा दिसू लागला, लादीवर ओल्या पंजांचे ठसे उमटले किंवा आवडता खाऊ त्याने नाकारला तर सत्र संपलं, घरी. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हा समज इथे महाग पडतो. ताठ, उंच, भराभर हलणारी शेपटी वेगळं सांगते, आणि कमरेपासून अख्खं अंग हलवणारी वेगळं.

गुरगुरला तर? ओरडू नका, दोरीला झटका देऊ नका. शांतपणे मध्ये उभे राहा, कुत्र्याला घेऊन बाहेर पडा, तज्ज्ञाला लगेच सांगा, नोंद करा. गुरगुरण्यावर शिक्षा झालेला कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरत नाही, थेट चावतो. आणि गुरगुरण्याच्या आधीची निदान पाच लक्षणं आपण पाहिली नाहीत, एवढं वहीत लिहायचं. चावा किंवा दाताचा ओरखडा झालाच तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

खाण्यावरून होणारे घोळ ठरलेले. आजी पदराच्या गाठीत पार्ले-जी ठेवून वाट बघत असतात. बिस्किटाने लगेच काही होत नाही, पण बारा आज्यांची बारा बिस्किटं होतात, आणि लाडू-शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष. "नको" म्हटलं की त्यांचं तोंड पडतं. म्हणून आपल्या डबीतला खाऊ त्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "आजी, तुमच्या हातून हा द्या, त्याला डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय." पथ्य म्हटलं की त्यांना सगळं समजतं.

जून ते सप्टेंबर ओल्या कुत्र्याला आत न्यायचं नाही. दारातच पोट आणि पंजे पुसा, साचलेल्या पाण्यातून चाललाच असेल तर धुऊन सुकवून मगच आत, नाहीतर भेट रद्द. गणपतीत ढोल-ताशाच्या दिवशी आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात भेटीच ठेवू नका. घरातच तो पलंगाखाली बसलेला असतो. कुत्री माजावर असताना, जुलाब झाले असताना, कुठलंही अँटिबायोटिक चालू असताना सुट्टी. हँडलरला सर्दी-खोकला असेल तरीही सुट्टी, हे आपण सोयीस्कर विसरतो.

घरी जाताना लगेच टॅक्सीत घालू नका. पंधरा-वीस मिनिटं शांत रस्त्यावर त्याला हवं तिथे नाक घालत फिरू द्या. मग पाणी, मग झोप. त्या रात्री वही: किती वेळ, कुणाबरोबर, काय आवडलं, कोणतं लक्षण किती वाजता. सलग तीन नोंदींत वेळ कमी कमी होत गेलेली दिसली तर महिनाभर थांबा. भेटीला निघताना हार्नेस बाहेर काढला की तो दाराकडे धावतो की खोलीत जाऊन बसतो, हेही लिहा. काम त्याला हवंय की नकोय हे तिथेच आधी कळतं.

दर वर्षी व्हेटची तपासणी, दर दोन वर्षांनी जोडीची पुन्हा चाचणी. नऊ-दहाव्या वर्षी बहुतेकांची कंबर आणि कान बोलू लागतात: उठायला वेळ लागतो, मागून हात लावला की दचकतात. तेव्हा थांबा. एकदम बंद न करता दोन-तीन भेटी नुसत्या बसून राहण्याच्या ठेवा आणि संस्थेतल्या लोकांना आधी सांगा. कुत्रा गेला तर मुलांना "गावाला गेला" सांगू नका, ती पुढच्या वेळी परत कधी येणार म्हणून विचारतात आणि मग आणखी खोटं बोलावं लागतं. तज्ज्ञाशी बोलून, त्यानेच, साध्या शब्दांत सांगावं. पुढे दुसरा कुत्रा तयार करायला घेतलात तर त्याला जुनी सतरंजी देऊ नका. नवी आणा, महिनाभर घरात अंथरून ठेवा, आणि घरातल्यांना नियम पुन्हा पहिल्यापासून सांगा.